हाताने गाडी धुणे आणि वॅक्स: दसऱ्यानंतरच्या नोंदी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

गाडी: २०१७ ची हॅचबॅक, गडद निळा मेटॅलिक रंग, वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर). मागचा उजवा दरवाजा आणि त्यामागचा पत्रा मध्यंतरी बाहेर रंगवून घेतलेला. जागा: पुणे, सिंहगड रस्त्यावरची सोसायटी, पार्किंग अर्धं छपराखाली, अर्धं उघड्यावर. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे, बादलीला नाही. त्यामुळे सगळा हिशोब बादल्यांचाच.

आज फक्त पाहणी, पाणी लावलेलं नाही.

बॉनेटवर परवाच्या दसऱ्याचं हळदीकुंकवाचं स्वस्तिक, वाळून खडबडीत झालेलं. कुणी तरी ते कोरड्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केलाय. टॉर्च तिरका धरला की स्वस्तिकाच्या उजवीकडे एकाच दिशेने गेलेले चरे दिसतात. कुंकवाबरोबर आठवड्याची धूळही घासली गेली, त्याचे हे चरे. झेंडूची माळ बारीक तारेने ग्रिलला बांधलेली. गाडी चालली, माळ हलली, तारेचं टोक बंपरच्या वळणावर घासत राहिलं: अर्ध्या इंचाचे तीन ओरखडे. त्यातला एक नखाला लागतो, म्हणजे तो पॉलिशने जाणार नाही. बाकीचे दोन बघू. पुढच्या वर्षी माळ दोऱ्याने बांधायची आणि गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी उतरवायची.

गाडीच्या छपरावर पक्ष्यांच्या विष्ठेचे दोन जुने डाग, रुपयाच्या नाण्याएवढे. विष्ठा निघून गेलीय, खाली पुसट कड राहिलीय. खालच्या दारांवर आणि मागच्या चाकांच्या मागे डांबराचे काळे ठिपके. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवायला लागले की हे दरवर्षीचं. दारांच्या खालच्या अर्ध्या भागावर बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग.

टॉर्चबद्दल एक गोष्ट. उन्हात किंवा टॉर्चखाली रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतात. त्यावरून लोक म्हणतात, गोल फिरवून पुसल्याने चरे पडले, सरळ पुसायला हवं होतं. खरं तर चरे सगळ्या दिशांनी असतात. त्यातले प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. टॉर्च सरकवला की वर्तुळही सरकतं. सरळ पुसा की गोल, फडक्यात वाळू असेल तर चरा पडणारच.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी ६.४० ला सुरुवात. ऑक्टोबर हीटमध्ये साडेनऊच्या पुढे उघड्यावरच्या पत्र्याला हात लावला तर चटका जाणवतो, तोवर धुणं आणि पुसणं उरकायला हवं. पालथा हात बॉनेटवर पाच सेकंद आरामात ठेवता आला पाहिजे, एवढी चाचणी पुरते.

आधी पाणी मोजलं. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर दोन-अडीचशे रुपयांना मिळतो. महापालिकेचं पाणी ८५ पीपीएम, बोअरचं ६४०, टँकरचं ५१०. पार्किंगच्या नळाला बोअरचं येतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असतं, ते पत्र्यावर वाळलं की पांढरी कड सोडतं. ठरलं असं: भिजवणं आणि चाकं बोअरच्या पाण्याने, शॅम्पूची बादली आणि शेवटचं धुणं महापालिकेच्या पाण्याने, घरातून भरून आणलेल्या. आरओच्या फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जातं म्हणून गाडीला वापरू नका, सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

चाकं सगळ्यात आधी, वेगळी बादली, वेगळा ब्रश. चाकांतली काळी धूळ म्हणजे ब्रेक पॅड आणि डिस्कचा लोखंडी चुरा, ती अंगावरच्या फडक्यात येता कामा नये. चाकाच्या वरच्या खोबणीत चिखलाचा थर बसलेला, बोटाने ढेकूळ निघतं. तो भिजवून दहा मिनिटं ठेवला, मग लाकडी कालथ्याने उपसला. पत्र्याची घडी आतून इथेच कुजते.

मग अंग. फवारणीचा पाठीवरचा बॅटरी पंप, १६ लिटर. पंप नवाच घेतला आहे. शेतावरचा जुना आणू नये, कारण तणनाशक आणि कीटकनाशकाचा अंश नळीत आणि रबरात बसलेला असतो आणि फवारा तोंडावर उडतो. या पंपाला प्रेशर वॉशरचा जोर नाही, पण धूळ सैल करायला पुरतो. पहिल्या पाच लिटरमध्ये १५ मिली शॅम्पू घालून वरून खाली मारला, सात मिनिटं थांबलो, उरलेल्या ११ लिटर साध्या पाण्याने वाहवून दिला. या वेळात कशालाही हात लावायचा नाही. खालच्या दारावरून गढूळ ओघळ उतरत होते, काळ्या फरशीवर बारीक रेती दिसायला लागली. ही रेती आधी गेली नाही तर पुढच्या मिटवर (धुवायच्या लांब तंतूंच्या हातमोज्यावर) चढते.

हळदीचं बघण्यासारखं झालं. बॉनेटवर हळद दिसतही नाही, पण पांढऱ्या नंबर प्लेटवर पिवळा डाग होता. प्लेटला चाकांसाठीच्या क्लीनरचे चार थेंब लागले तसा डाग लालभडक झाला. घाबरायचं कारण नाही: हळद अल्कलीत लाल होते, कुंकू परंपरेने तसंच करतात. शॅम्पू लावल्यावर हळद लाल झाली तर समजावं की तो पीएच-न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. आमच्या शॅम्पूने पिवळी ती पिवळीच राहिली. प्लेटवरचा उरलेला पिवळेपणा घासत बसलो नाही. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो, आठवडाभरात बघू.

अंग धुताना दोन बादल्या. एकीत १० लिटर पाणी, २० मिली शॅम्पू. दुसरीत १२ लिटर साधं पाणी, तळाशी भाजीची जाळीदार प्लास्टिकची टोपली उपडी ठेवून. मिट शॅम्पूत बुडवायचा, अर्धा पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात टोपलीवर घासून खळखळायचा, पिळायचा, मग पुन्हा शॅम्पूत. रेती टोपलीच्या खाली बसते आणि परत वर येत नाही. विकतची गोल जाळी मिळते, काम तेच. क्रम: छप्पर, काचा, बॉनेट, डिकीचं दार, दारांचा वरचा भाग, सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर. खालच्या भागासाठी मिट बदलला. स्पंज नको, सपाट स्पंजाखाली खडा अडकला की तो सुटायला जागा नसते. मिटच्या लांब तंतूंत तो आत शिरतो.

भांडी घासायच्या लिक्विडने काय होतं, हे नेहमीच विचारलं जातं. एकदा वापरल्याने रंग जळत नाही. आधीचं वॅक्स मात्र बरंचसं निघतं आणि रबर कोरडं पडतं. दर आठवड्याला तेच वापरून वर वॅक्स टिकत नाही म्हणणं म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्या हाताने सांडणं.

साध्या पाण्याची बादली अर्ध्यात बदलली. तळाला चमचाभर काळी रेती होती. पंपाने शेवटचं १६ लिटर. पाण्याचा हिशोब: १६ + ८ (चाकं) + १० + १२ + १२ + १६ = ७४ लिटर.

पुसायला ६० x ९० सेंमीचा जाड, पिळदार विणीचा मायक्रोफायबर टॉवेल. पत्र्यावर पसरायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा, दाबायचं नाही. सुती पंचा वापरू नका. पंचा पाणी टिपतो, पण त्याची शिवलेली किनार आणि उन्हात कडक झालेले धागे गडद रंगावर खुणा सोडतात.

दारं उघडून चौकटी पुसल्या. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात. डाव्या मागच्या दाराची दोन्ही भोकं मातीने बंद. खराट्याची काडी घालून मोकळी केली, कपभर तपकिरी पाणी बाहेर आलं. पावसाळाभर ते दारातच होतं. वायपरखालच्या काळ्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं खच भरून. ती चिमट्याने काढली, उरलेली व्हॅक्यूमने. ही वाट तुंबली की पावसाचं पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात येतं आणि मग वास कुठून येतो ते कळत नाही. गाडी धुण्यातलं सगळ्यात उपयोगी काम हेच असावं. चमक त्यानंतर.

शेवटी गाडी सोसायटीत दोन चकरा फिरवून चार-पाच वेळा ब्रेक दाबले. ओली डिस्क तशीच उभी ठेवली तर रात्रीतून तांबूस होते. तो वरवरचाच गंज असतो, पण सकाळी ब्रेक कुरकुरतो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

एसीच्या नळीखाली बादली ठेवली. साडेपाच तासांत ५ लिटर, टीडीएस १४. हे हवेतल्या बाष्पाचं गार होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिला अर्धा लिटर टाकून द्यायचा, त्यात कॉइलवरची धूळ येते. दोन पदरी जुन्या सुती कापडातून गाळून कॅनमध्ये भरलं. शनिवारच्या शेवटच्या धुण्याला वापरायचं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज अंगाला चिकटून बसलेली घाण. धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवली. नुसत्या बोटांना जे गुळगुळीत वाटतं ते पिशवीतून रव्यासारखं लागतं. बॉनेट, छप्पर, मागचं दार: रवा. आडवे पत्रे जास्त, उभे कमी. रंगवून घेतलेल्या दारावर वेगळीच खरखर, बारीक आणि सगळीकडे सारखी. ती रंगाच्या फवाऱ्याची भुकटी, दार नीट झाकलं नव्हतं.

गाडी परत धुतली (नोंद वर आहे तशीच), पुसली नाही.

पाण्याचे डाग: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबर भिजवून डागावर एक मिनिट चिकटवून ठेवला, मग लगेच धुतलं. दहातले आठ डाग गेले. हे पत्र्याच्या वर बसलेले क्षार होते. उरलेल्या दोन जागी कड दिसते पण बोटाला काही लागत नाही: तिथे रंगालाच खळगा पडलाय, त्याला व्हिनेगर कितीही लावलं तरी उपयोग नाही. तापलेल्या पत्र्यावर आणि क्रोमवर व्हिनेगर ठेवू नये.

डांबर: टार रिमूव्हर कापसाच्या बोळ्यावर, ठिपक्यावर तीस सेकंद धरून ठेवायचा. ठिपका तपकिरी होऊन पसरतो, मग स्वच्छ बाजूने एकदाच उचलायचा. घासलं तर डांबरातली खडी रंगावर फिरते. रिमूव्हर नसेल तर बोळ्यावर थोडं डिझेल चालतं, पण मागे तेलकट थर राहतो, तो शॅम्पूने धुवावा लागतो. रंगवाल्याकडचा थिनर अजिबात नको. कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या रंगाला एखाद्या वेळी काही होणार नाही, पण बाहेर रंगवलेल्या पत्र्यावर कोणता रंग मारलाय ते माहीत नसतं आणि काही रंग थिनरमध्ये सरळ विरघळतात.

लोखंडी चुऱ्यासाठी आयर्न रिमूव्हर, चारही चाकं आणि मागच्या दाराला मिळून १५० मिली. चार मिनिटांत जांभळे ओघळ. यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळतं तेव्हा हा रंग येतो. सडक्या अंड्यासारखा वास, तोंडाला रुमाल आणि हातमोजे हवेत. वाळू द्यायचं नाही. डाव्या पुढच्या चाकावर ते वाळायला लागलं होतं, वर पाणी मारून सावरलं.

मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मळता येणारी वडी. १०० ग्रॅमच्या वडीतला निम्मा तुकडा, हाताच्या उबेत मळून पुरीएवढा चपटा केला. सकाळी गारव्यात तो कडक लागतो, कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवला. वंगण म्हणून लिटरभर पाण्यात ५ मिली शॅम्पू, स्प्रेच्या बाटलीत. ४० x ४० सेंमीचा चौकोन भरपूर ओला करायचा आणि क्ले फक्त बोटांच्या वजनाने सरळ मागे-पुढे. सुरुवातीला खर्र असा आवाज आणि बोटांना अडखळल्यासारखं; आठ-दहा फेऱ्यांनी आवाज थांबतो, क्ले लोण्यावरून सुरी फिरावी तसा सरकतो. चौकोन झाला. क्लेची घाण बाजू आत दुमडून नवी बाजू काढायची. छपरानंतर क्लेवर तपकिरी ठिपके दिसले, रंगवलेल्या दारानंतर अख्खी बाजू राखाडी.

क्ले फरशीवर पडला तर तो टाकायचा. धुऊन वापरू, असं म्हणून चालत नाही, त्यात रुतलेला खडा दिसत नाही. आज मागच्या बंपरपाशी पडला. म्हणूनच सुरुवातीला निम्माच तुकडा काढायचा.

डाव्या पुढच्या दारावर क्लेची पुसट धूसर रेघ राहिली. वंगण कमी पडलं होतं. उद्याच्या पॉलिशमध्ये जाईल.

शेवटचं धुणं एसीच्या ५ लिटरने, छपरावरून सावकाश ओतत. मुद्दाम उजवा आरसा न पुसता वाळू दिला: एकही डाग नाही. डावा आरसा बोअरच्या पाण्याने ओला करून तसाच सोडला होता, त्यावर वीस मिनिटांत पांढरी नक्षी.

रविवार, १२ ऑक्टोबर

पॉलिश आणि वॅक्स ही दोन वेगळी कामं आहेत. ‘वॅक्स-पॉलिश’ असा जोडशब्द दुकानात इतका रुळलाय की हा फरक बोलण्यातून निघूनच गेलाय. पॉलिशमध्ये अतिबारीक खर असते, ते क्लिअर कोट खरवडतं. वॅक्स वर थर देतं. कंपाउंड म्हणजे जास्त खरीचं पॉलिश. ‘रबिंग’ म्हणतात ते हेच. क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि गेलेला परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणं हा गाडीवर प्रेम करायचा वाईट मार्ग आहे. जिथे चरा आहे तिथेच, आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात.

बॉनेटवर मास्किंग टेप लावून एक चौकोन निम्मा झाकला. फिनिशिंग पॉलिश, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब, ३० x ३० सेंमी, मध्यम दाब, उभं-आडवं मिळून तीन मिनिटं. पुसून टॉर्च: बारीक जाळं निम्म्याहून कमी, स्वस्तिकाशेजारचे चरे पुसट पण आहेत. पॉलिशचा दुसरा हात दिल्यावर आणखी थोडे कमी झाले. तिसरा दिला नाही. हाताने एवढंच निघतं. मशीनने जास्त निघेल, पण नवख्या हातात मशीन पत्र्याच्या कडेवर रंग उडवतं. बॉनेटच्या घडीवर आणि दारांच्या उठावाच्या रेषेवर हातानेही पॉलिश दाबून लावायचं नाही, तिथे रंगाचा थर मुळातच पातळ असतो.

छपरावरचे विष्ठेचे डाग: एक गेला, एकाची कड राहिली. विष्ठा आम्ल असते हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं ऊन: उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, वर वाळलेल्या थराखाली थंड होताना त्याचाच आकार घेतो. त्यामुळे दुपारच्या आत काढणं महत्त्वाचं. ओला टिश्यू किंवा ओला वर्तमानपत्राचा तुकडा वर दहा मिनिटं ठेवायचा, मग उचलायचा. उंबर-पिंपळाखाली गाडी लावत असाल तर वटवाघळांच्या विष्ठेत बारीक बिया असतात, त्या घासल्या की चरे ठरलेले.

बंपरवरचे दोन ओरखडे गेले, नखाला लागणारा राहिला. अपेक्षेप्रमाणे.

पॉलिशचं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, २०% होईल इतकं पातळ केलेलं, १०० मिली. यानंतरही चरे दिसले नाहीत तर ते खरोखर गेले. पॉलिशमधलं तेल चरे भरून ठेवतं आणि दुकानातल्या ‘आधी-नंतर’च्या फोटोंचं निम्मं गुपित तिथे आहे.

वॅक्स ८.१५ ला सुरू, गाडी छपराखाली. कार्नाउबा पेस्ट, हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध रूपात ८२ ते ८६ अंशाला वितळतं, डब्यात ते तेल आणि द्रावकात मऊ केलेलं असतं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी आणि दारांची रबरं मास्किंग टेपने झाकली. पुढची काच वगळली. वॅक्सवर वायपर फरफटतो आणि पावसात समोरच्या दिव्यांचे पसारे दिसतात.

किती वॅक्स? डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर: आधी २६३ ग्रॅम, नंतर २५०. अख्ख्या हॅचबॅकला १३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. पॅड डब्यावर एकदाच फिरवायचा आणि तेवढ्यात अर्धं बॉनेट. बोटाने लावल्यावर दिसतं तसं पांढरं दिसत असेल तर ते जास्त झालं. तिरक्या प्रकाशात श्वास सोडलेल्या काचेसारखा धुरकट थर, बस. जाड लावून जास्त टिकत नाही, जास्तीचं सगळं फडक्यावरच जातं.

एक पत्रा लावायचा, शेजारचा लावायचा, मग पहिला पुसायचा. पुसायची वेळ बोटाने कळते: बोट ओढलं की खाली स्वच्छ चमकदार पट्टा दिसला तर झालं, ओशट रेघ राहिली तर थांबा. आज सात मिनिटं लागत होती. पावसाळी हवेत पंधरा लागतात. पुसायला ३५० जीएसएमचे (चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचे) बिनकिनारीचे मायक्रोफायबर, चौघडी घालून. आठ बाजू मिळतात, प्रत्येक पत्र्याला नवी.

उजवी दोन दारं लावून झाली तोवर उन्हाची तिरीप पार्किंगच्या त्या बाजूला आली. ९.२० ला पुसायला घेतलं तर वॅक्स कडक. फडकं अडत होतं, जोर दिला की रेषा. इथे जोर वाढवायचा नसतो. त्याच वॅक्सचा पातळ ताजा हात वर दिला, एक मिनिट थांबलो, लगेच पुसलं. नव्या थरातलं द्रावक जुन्याला सैल करतं. दोन्ही दारं सुटली.  पॉलिशला सव्वा तास.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळच्या उजेडात राहिलेलं: डाव्या पुढच्या दाराच्या मुठीमागे आणि डिकीवरच्या अक्षरांच्या कडांत पांढरं वॅक्स. मऊ जुना टूथब्रश, ओला. डाव्या आरशाखालच्या काळ्या खडबडीत प्लास्टिकवर टेप निघून आली होती, तिथे पांढरे डाग. साध्या पांढऱ्या खोडरबराने खोडले, उरलेला भुगा ब्रशने. खोडरबर फक्त प्लास्टिकवर, रंगावर नाही.

फडकी धुतली: वेगळी, ४० अंशाच्या पाण्यात, सुती कपड्यांशिवाय, फॅब्रिक कंडिशनरशिवाय. कंडिशनर तंतूंवर मेणचट थर देतो, मग फडकं पाणी टिपण्याऐवजी पसरवतं. सावलीत वाळवली.

रविवार, १९ ऑक्टोबर

पहिलं साधं धुणं, ५० मिनिटं. पाणी बॉनेटवर मण्यांसारखं उभं राहतं. दिसायला छान, पण बोअरच्या पाण्यासाठी हीच अडचण: प्रत्येक मणी वाळताना सगळा क्षार एका जागी गोळा करतो. वॅक्स लावलेली गाडी न पुसता सोडली तर डाग जास्त ठळक पडतात. वॅक्स केलंय म्हणून पुसायची गरज नाही, हा समज उलटा आहे.

नंबर प्लेटवरची हळद गेलेली.

रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या काकांकडे एक बादली आणि एक फडकं, आणि गाड्या बारा. आमच्या गाडीपाशी पोचेपर्यंत त्या पाण्यात अकरा गाड्यांची रेती. त्यांना सांगितलंय: या गाडीच्या काचा तेवढ्या पुसा, पत्र्याला हात नको. पैसे तेच. बॉनेटवरच्या जाळ्याचं मूळ कारण हे होतं, दसऱ्याचं स्वस्तिक नव्हे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. गाडी तीन रात्री उघड्यावर. छप्पर आणि बॉनेटवर फटाक्यांची राख, कागदाचे कपटे, एके ठिकाणी भुईचक्राच्या ठिणगीचा टोचल्यासारखा ठिपका. राख हाताला पिठासारखी, पण चिमटीत चोळली तर कचकचते. कोरडी झटकली नाही, पिसांच्या डस्टरनेही नाही. पंपाचे १६ लिटर, मग दोन बादल्यांचं धुणं. ठिपका क्लेने निघाला नाही, तिथे क्लिअर कोट भाजलाय. टच-अपची बाटली लागेल. रंगाचा कोड दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीवर सापडला.

रविवार, १६ नोव्हेंबर

पाच आठवडे झाले. धुण्याआधी पाणी मारलं: बॉनेटवर मणी नाहीत, पाणी सपाट पसरतं. लगेच नवं वॅक्स काढलं नाही. शॅम्पूने धुऊन परत पाणी मारल्यावर बॉनेटवर आणि दारांवर मणी परत आले. वॅक्स होतंच, वर धुळीचा थर बसला होता. छपरावर मात्र धुतल्यावरही पाणी सपाट. दिवसभर ऊन छपरालाच जास्त लागतं, तिथलं वॅक्स संपलेलं. छपराला, आणि जोडीला बॉनेटलाही, पुन्हा एक हात: ४ ग्रॅम, २० मिनिटं.

पॉलिमर सीलंटचा (मेणाऐवजी कृत्रिम थर देणाऱ्या लेपाचा) एक हात डिकीच्या दारावर लावून ठेवलाय, तुलनेसाठी. संक्रांतीच्या सुमारास दोन्हीकडे पाणी मारून बघायचं.

खर्च, उपभोग्य सामानाचा: क्ले निम्मी वडी, पॉलिश अंदाजे ४० मिली, आयर्न रिमूव्हर १५० मिली, शॅम्पू पाच धुण्यांचा मिळून दीडशे-पावणेदोनशे मिली. वॅक्सच्या डब्यात अजून वर्षभर पुरेल एवढं. फडकी तीन बाद: दोन डांबराने, एक फरशीवर पडलं म्हणून. ती इंजिनच्या कामासाठी वेगळ्या पिशवीत, कोपरा कापून ठेवली आहेत, म्हणजे चुकून परत अंगावरच्या फडक्यांत मिसळणार नाहीत.